कव्हर खरं, आतली तबकडी भलतीच

ज्या माणसाने मला फसवलं त्याला जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सच्या बासवादकाचं नाव माहीत होतं, आणि तेवढ्यावर मी त्याला सज्जन ठरवून मोकळा झालो होतो.

एका जॅझ क्लबात पहिला सेट नुकताच संपला होता. बरेच लोक उठत होते, मी मात्र दुसऱ्या सेटचेही पैसे भरले होते, म्हणून बसून राहिलो. (बऱ्याच क्लबांत प्रत्येक सेटचं प्रवेशशुल्क वेगळं असतं आणि वर निदान एक पेय घ्यावंच लागतं. पहिल्यांदा जाणारे यालाही लूट म्हणतात. ती लूट नव्हे, दारावरची पाटी न वाचल्याचा दंड आहे.) त्रिकूटाने शेवटी एव्हान्सचं 'वॉल्ट्झ फॉर डेबी' वाजवलं होतं. शेजारच्या टेबलावरचे साठीतले गृहस्थ माझ्याकडे न बघताच म्हणाले, "लाफारो गेल्यावर या गाण्यात बासला एवढी मोकळीक कुणी दिलीच नाही."

झालं, मी खुर्ची सरकवली. २५ जून १९६१ चा तो रविवार, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये दुपारपासून रात्रीपर्यंत झालेले एव्हान्सच्या त्रिकूटाचे पाच सेट, ड्रम्सवर पॉल मोशन, रेकॉर्डिंगमध्ये मागे ऐकू येणारी पेल्यांची किणकिण, आणि त्यानंतर अकराव्या दिवशी मोटार अपघातात गेलेला त्याचा पंचविशीतला बासवादक स्कॉट लाफारो. हे सगळं ते घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत होते. दुसरा सेट आम्ही एकाच टेबलावर ऐकला.

रेकॉर्ड विकायची आहे असं ते एकदाही म्हणाले नाहीत. लहान घरात राहायला जातोय, संग्रह कमी करायचाय, 'ब्लू ट्रेन' कुणाला द्यावी कळत नाही, एवढंच. विकणार का, हे मीच विचारलं. आता कळतं की सगळी मांडणी माझ्या तोंडून तो प्रश्न निघावा म्हणूनच होती.

'ब्लू ट्रेन' हा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी स्वतःच्या नावाने निघालेला एकमेव अल्बम. १५ सप्टेंबर १९५७ रोजी हॅकन्सॅकला रूडी व्हॅन गेल्डरने तो ध्वनिमुद्रित केला. त्याचा स्टुडिओ म्हणजे आईवडिलांच्या घराचा दिवाणखाना होता. या अल्बमचं पहिलं प्रेसिंग, म्हणजे दाबून काढलेल्या तबकड्यांची पहिली खेप, हातात यावं म्हणून संग्राहक वर्षानुवर्षं थांबतात, आणि त्याची किंमत नंतरच्या प्रेसिंगच्या कित्येक पटींनी जास्त असते. फसवणुकीला जागा मिळते ती या फरकातच.

दुसऱ्या दिवशी फोटो आले. कव्हरची पुढची बाजू. मागची बाजू, तिच्यावर '४७ वेस्ट ६३ स्ट्रीट' हा ब्लू नोटचा जुना पत्ता स्पष्ट. आणि शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंतच्या कोऱ्या पट्टीचा, म्हणजे डेड वॅक्सचा, अगदी जवळून घेतलेला फोटो, त्यात व्हॅन गेल्डरची 'आरव्हीजी' ही अक्षरं. मी इकडून तिकडून वाचलं होतं की पत्ता जुना हवा आणि आरव्हीजी हवं. दोन्ही होतं. त्यातला एकही फोटो खोटा नव्हता, हे मी आजही मान्य करतो. लेबलचा फोटो मात्र नव्हता, आणि तो मागायचं मला सुचलं नाही.

रेकॉर्ड घ्यायला आम्ही पुन्हा त्याच क्लबात भेटलो. रेकॉर्ड पारखायला जॅझ क्लबइतकी वाईट जागा दुसरी नाही. टेबलावर एक मिणमिणती मेणबत्ती, समोर वाद्यं जुळवताहेत, आणि तबकडी नीट न्याहाळायला जावं तर आपणच संशयी आणि कोते वाटतो. निळं-पांढरं लेबल पाहिलं, तबकडी एकदा फिरवली आणि रोख पैसे दिले. पावती मागणं मला त्या मैत्रीचा अपमान वाटला. दिलेली रक्कम सांगत नाही, पण त्यानंतरचे कित्येक महिने मी क्लबात गेलो नाही तो हौस संपली म्हणून नव्हे.

घरी येऊन लावली, तर आवाज अप्रतिम. ली मॉर्गनचा ट्रम्पेट खोलीत उभा राहिला. चार महिने मी सुखात होतो.

मग एक जुना संग्राहक मित्र घरी आला. त्याने तबकडी दिव्याखाली तिरकी धरली, दोन्ही बाजू हळूहळू फिरवल्या आणि विचारलं, "कान कुठाय?"

त्या काळात ब्लू नोटच्या तबकड्या प्लास्टिलाइट नावाच्या कारखान्यात दाबल्या जात. तो कारखाना डेड वॅक्समध्ये स्वतःची एक बारीक खूण उमटवी. मुळात ते इंग्रजी 'पी' अक्षराचं वळण, पण दिसतं कानासारखं, म्हणून संग्राहक त्याला कान म्हणतात. १९६०च्या दशकाच्या मध्यात लिबर्टी कंपनीने ब्लू नोट विकत घेतलं आणि १९६६ च्या सुमारास प्लास्टिलाइटचं काम थांबलं. त्यानंतरच्या तबकड्यांवर कान नाही. आरव्हीजी मात्र असू शकतं. व्हॅन गेल्डरची खूण मूळ लॅकरवरच, म्हणजे ध्वनी आधी कोरला जातो त्या चकतीवरच, उमटलेली असते आणि त्यापासून बनलेल्या धातूच्या साच्यांतून पुढच्या प्रेसिंगांत उतरत जाते. म्हणजे ज्या अक्षरांवर मी भाळलो, ती तबकडी कुणी कोरली हे सांगतात, कधी दाबली हे नाही.

लेबलवरची बारीक अक्षरंही मी तेव्हा पहिल्यांदा वाचली. तिथे '४७ वेस्ट ६३' नव्हतं, नुसतं 'न्यूयॉर्क, यू.एस.ए.' होतं. हे लेबल साठच्या दशकातलं. शिल्लक राहिलेली अशी लेबलं लिबर्टीने पुढेही वापरली, म्हणून जुनं लेबल आहे पण कान नाही अशा तबकड्या सापडतात. जुन्या दाबयंत्रामुळे लेबलवर जी गोल खोलगट खाच उमटते, तीही नव्हती. थोडक्यात, खरं जुनं कव्हर आणि त्यात दहाएक वर्षांनी दाबलेली तबकडी. या धंद्यात अशा जोडीला लग्न लावणं म्हणतात. चार महिने मी कानाने ऐकत होतो आणि कान तपासायचा राहून गेला होता.

फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "ओरिजिनल मी कव्हरला म्हणालो होतो." आठवून पाहिलं, तर खरोखरच तसं म्हणाले होते. त्यानंतर फोन लागला नाही. क्लबवाल्यांना ते नेहमीचं गिऱ्हाईक यापलीकडे काही ठाऊक नव्हतं, आणि त्यांचा यात दोषही नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर तबकडी वाईट नाही, जुन्या साच्यांतूनच निघाल्यामुळे ऐकायला उत्तम आहे. आणि पहिल्या प्रेसिंगचं वेड हे नेहमी आवाजाचं वेड असतं असंही नाही. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम घ्या. १९५९ च्या मूळ प्रेसिंगमध्ये पहिल्या बाजूचा सूर किंचित चढा आहे, कारण त्या दिवशी मुख्य टेपयंत्र थोडं हळू चालत होतं. ही चूक दुरुस्त झाली थेट १९९२ मध्ये. तरी लोक चढ्या सुराच्याच प्रतीसाठी खिसा रिकामा करतात, मीही करीन. पण मग आपण इतिहास विकत घेतोय हे कळून घ्यावं, आणि इतिहासाची कागदपत्रं तपासावीत.

तर घेण्याआधी दोन्ही बाजूंच्या लेबलांचे आणि दोन्ही बाजूंच्या पूर्ण डेड वॅक्सचे फोटो मागा, फक्त आरव्हीजी दिसेल एवढ्या तुकड्याचे नव्हे. कव्हरचा काळ आणि तबकडीचा काळ वेगवेगळे ठरवा, मग जुळतात का पाहा. न दाखवलेला फोटो हाच सगळ्यात बोलका असतो. सीलबंद जुनी रेकॉर्ड दिसली की माझ्या पोटात आता गोळा येतो, कारण प्लास्टिकचं आवरण पुन्हा चढवणारं यंत्र कुणालाही मिळतं. १९५०च्या दशकातल्या अल्बमच्या कव्हरवर बारकोड असेल तर पुढे बोलूच नका. 'व्हेरी गुड' हा शेरा वाचून हुरळू नका, संग्राहकांच्या भाषेत त्याचा अर्थ खरखर ऐकू येईल असा होतो. युरोपात १९६३ पूर्वी निघालेल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क संपलेले असल्याने तिथे मूळ कंपनीला न विचारता कुणीही ती छापू शकतो. जाड तबकडी, चकचकीत कव्हर, आणि आतला आवाज बहुधा सीडीवरून उचललेला. अशा रेकॉर्ड स्वस्त मिळाल्या तर खुशाल घ्या, मूळ म्हणून घेऊ नका.

मी आता पुन्हा क्लबात जातो. खिशात बोटाएवढा टॉर्च असतो. दोन सेटांच्या मध्ये कुणी संग्रहाचा विषय काढला की तो टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, आणा की एखादी, इथेच बघू. आजवर दोघांना तो बघून घरी जायची घाई झाली. त्यातल्या एकाने तर दुसऱ्या सेटचे पैसे भरले होते.