‘ब्लू मंडे’: १९८३ ची मूळ तबकडी घ्यावी की १९८८ चा रीमिक्स?

मँचेस्टरच्या न्यू ऑर्डर या बँडचे ‘ब्लू मंडे’ हे गाणे संग्रही ठेवायचे ठरवले, तर प्रश्न उरतो तो कोणत्या आवृत्तीचा. मार्च १९८३ मध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्सने काढलेली मूळ आवृत्ती बारा इंची तबकडीवर साडेसात मिनिटांची आहे. १९८८ चा रीमिक्स क्विन्सी जोन्स आणि जॉन पोटोकर यांनी केला; त्याची सात इंची आवृत्ती चार मिनिटांच्या आसपास संपते.

माझा कौल निःसंशय मूळ आवृत्तीला आहे. गायक इयान कर्टिस यांच्या निधनानंतर त्यांच्या जॉय डिव्हिजन या बँडमधील उरलेल्या सहकाऱ्यांनी उभा केलेला हा बँड तेव्हा यंत्रांशी झुंजत स्वतःचा आवाज शोधत होता, आणि ती झुंज या तबकडीत ऐकू येते. ड्रम मशीनच्या ठोक्यांनी गाणे सुरू होते, मग एकेक थर चढत जातो आणि बर्नार्ड समनर यांचा आवाज येईपर्यंत दोन मिनिटे उलटून जातात. बँडच्या कीबोर्डवादक जिलियन गिल्बर्ट यांनी सिक्वेन्सरसाठी, म्हणजे भरलेले स्वर आपोआप क्रमाने वाजवणाऱ्या यंत्रासाठी, सुरावट लांबलचक कागदावर हाताने लिहून काढली होती. ती यंत्रात भरताना एक स्वर राहून गेला, असे त्यांनीच सांगितले आहे. त्यामुळे सुरावट तालाशी तंतोतंत जुळत नाही आणि गाण्याला एक अस्वस्थ ओढ येते. मधला गायकवृंदाचा स्वर क्राफ्टवर्क या जर्मन बँडच्या ‘युरेनियम’मधून सॅम्पलरवर, म्हणजे ध्वनीचे तुकडे टिपून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रावर, घेतलेला आहे.

रीमिक्समध्ये हा संथ चढाव आटोपता घेतला आहे आणि ध्वनी अधिक झगझगीत केला आहे. खपावर ठरणाऱ्या ब्रिटिश लोकप्रिय गाण्यांच्या यादीत मूळ गाणे नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचले होते, तर रीमिक्स तिसऱ्या; रेडिओसाठी किंवा नाचाच्या मैफलीत झटपट वाजवायला तो अधिक सोयीचा आहे, हे मान्य करायलाच हवे.

जुनी बारा इंची तबकडी विकत घेताना मात्र कव्हर नीट पाहावे. डिझायनर पीटर सॅव्हिल यांनी ते फ्लॉपी डिस्कसारखे रचले होते. सुरुवातीच्या प्रतींच्या कव्हरला खिडक्या कापलेल्या असून त्यांतून आतले चंदेरी पाकीट दिसते, नंतरच्या अनेक प्रतींत त्या नाहीत. केवळ ऐकण्यापुरतेच हवे असेल, तर १९८७ च्या ‘सबस्टन्स’ या संग्रहात मूळ आवृत्ती पूर्ण लांबीची मिळते. १९९४ च्या ‘द बेस्ट ऑफ न्यू ऑर्डर’मध्ये मात्र १९८८ चीच आहे.