रोहोची हवेची गादी : गुणकारी, पण रोज तपासली तरच

मज्जारज्जूला इजा होऊन कंबरेखालची संवेदना गेली की व्हीलचेअरवरच्या गादीकडे केवळ आरामाची वस्तू म्हणून पाहता येत नाही. इतर माणसे बसल्या जागी नकळत चुळबुळ करतात. आम्हाला अवघडल्याचे कळतच नाही, आणि बसण्याच्या हाडांखालचा रक्तपुरवठा दबून जखम आतूनच वाढू लागते. दाबाने होणारी ही जखम, म्हणजे बेडसोअर, चिघळली तर महिनोन्‌महिने अंथरुणावर काढावे लागतात. म्हणून मी नित्य वापरत असलेल्या रोहो या ब्रँडच्या गादीविषयी सविस्तर लिहितो.

निओप्रीन रबराच्या या गादीतले हवेचे उभे कप्पे आतून एकमेकांना जोडलेले असतात. त्यामुळे हाडाखाली दबलेली हवा शेजारच्या कप्प्यांत सरकते आणि भार एका जागी न साचता पसरतो. मात्र हा सारा गुण हवेच्या मापावर अवलंबून आहे. गादी टणक भरली तर शरीर तिच्यात रुतत नाही, आणि कमी भरली तर हाड थेट तळाला टेकते. तपासताना गादीवर नीट बसून नितंबाखाली हात सरकवावा, गुडघा किंचित वर-खाली करून हाडाचे सर्वांत खालचे टोक बोटांनी शोधावे आणि त्याखाली १.५ ते २.५ सेंटीमीटर अंतर राहील इतकीच हवा ठेवावी. ज्या दुकानातून मी गादी घेतली, तेथे याबद्दल अवाक्षरही सांगितले नाही. व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) तज्ज्ञांनी हात धरून शिकवले.

प्रवासातही लक्ष ठेवावे लागते. महाबळेश्वरला चढल्यावर बाहेरच्या हवेचा दाब कमी झाल्याने गादी फुगते; तेथे हवा सोडून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरल्यास ती पुरेशी भरलेली राहत नाही.

उणिवाही आहेत. किंमत साध्या फोमच्या कित्येक पट आहे, आणि गादी डगमगत असल्याने धडावर ताबा कमी असणाऱ्यांना पलंगावर सरकताना जपावे लागते. लघवी सांडली तरी रबर पुसून स्वच्छ होते, ही मात्र मोठी सोय आहे.

एवढी चांगली गादी असली तरी दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे वाकून किंवा बाजूला कलून एक-दोन मिनिटे भार हलका करणे सुटत नाही. रोज आरशात त्वचाही पाहावी. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून काळसरपणा, ऊब आणि कडकपणा हाताने चाचपावा. मधे भोक असलेली रबरी चकती मात्र स्वस्त मिळते म्हणून कोणीही वापरू नये, कारण तिच्या कडेच्या दाबाने रक्तपुरवठा आणखी अडतो.

ज्यांना स्वतः हवा तपासता येते किंवा ज्यांच्या घरात ते काम रोज करणारे माणूस आहे, त्यांनी ही गादी जरूर घ्यावी. हात दुबळे असून एकटे राहणाऱ्यांनी आधी तज्ज्ञांकडून मोजमाप करून घेऊन, हवा भरावी न लागणाऱ्या चांगल्या फोमच्या किंवा जेलच्या गादीचा विचार करावा.