जयपुरात ‘सरकारी केंद्रा’त नेलं, तर तिथे खडे घेऊ नका

आमेरच्या किल्ल्यात भेटलेला गाइड बोलण्यात हुशार होता. आम्ही मराठी आहोत हे कळताच तो मिर्झाराजे जयसिंगांवर आला. इथला शीशमहाल त्यांनी बांधला आणि १६६५ साली पुरंदरचा तहही त्यांच्याशीच झाला. माहिती अगदी खरी, म्हणून तर आमचा त्याच्यावर विश्वास बसला.

पुढे जंतरमंतरला जायचं होतं. गाइड आणि रिक्षावाला एका सुरात म्हणाले, “अभी लंच टाइम है, बंद रहेगा.” हे साफ खोटं! जंतरमंतर दुपारी बंद नसतं. उलट तिथल्या सम्राट यंत्राची, म्हणजे भल्यामोठ्या सूर्यघड्याळाची, सावली बघायला ऊनच लागतं. तेवढ्या वेळात आम्हाला एका ‘सरकारमान्य हस्तकला केंद्रा’त नेलं.

तिथे आधी कारागीर लाकडी ठशाने कापडावर हत्ती उमटवून दाखवतो. ते काम अस्सल. आतल्या खोलीत विकायला ठेवलेल्या चादरी मात्र स्क्रीन प्रिंटच्या. हाताने ठसा मारताना नक्षीचा सांधा कुठेतरी किंचित सरकतोच. इथे एकूण एक फूल तंतोतंत सारखं होतं.

चादरींचं एक वेळ सोडून देऊ. पण आईच्या गळ्यात मारलेल्या माणकाच्या अंगठीचा राग अजून जात नाही. अठरा हजार रुपये, तिने पेन्शनमधून बाजूला टाकलेले. ‘बाहेर हीच चाळीसला मिळेल’ म्हणत सोबत चकचकीत प्रमाणपत्र दिलं, तेही दुकानानेच छापलेलं. पुण्यात सराफांनी भिंगाखाली धरून सांगितलं की माणिक हलक्या प्रतीचं आहे आणि त्याच्या भेगांत काच भरली आहे. असा खडा लिंबाच्या रसानेही खराब होतो. बिलावर फक्त ‘लाल खडा’ लिहिलंय. फोन केला तर दुकानदार त्याच शब्दांवर बोट ठेवून मोकळा झाला. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

खड्यांना पैलू पाडण्यात जयपूरचं जगभर नाव आहे, म्हणून हे जास्तच लागतं. राज्य सरकारचं खरं दुकान ‘राजस्थली’, एम. आय. रोडवर. रत्नं तपासणारी प्रयोगशाळाही शहरातच आहे. खडा घ्यायचाच असेल तर ‘नैसर्गिक माणिक, काच भरलेली नाही’ असं बिलावर लिहून मागा. दुकानदार का-कू करू लागला, तर पैसे न देता उठा.