कॅडेट पायलट प्रोग्राम: शिक्षण चांगलं, करार एकतर्फी

आमच्या लेकीने एका बजेट एअरलाइनचा कॅडेट पायलट प्रोग्राम, म्हणजे फी भरून वैमानिक होण्याचा अभ्यासक्रम, केला आणि आता ती तिथेच ज्युनिअर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. मला बोलायचंय ते कराराबद्दल. सांगलीत सहकारी बँकेच्या कर्ज विभागात माझी नोकरी झाली, त्यामुळे कागद हातात आला की आधी बारीक अक्षरं वाचायची सवय आहे.

शिकवण्याबद्दल तक्रार नाही. हवामानशास्त्राचे सर रोज सकाळी त्या दिवशीचा खरा मेटार, म्हणजे विमानतळाचा सांकेतिक हवामान अहवाल, फळ्यावर लिहायचे आणि एकेकाला उभं करून वाचायला लावायचे. हवामानशास्त्राच्या पेपरात लेक पहिल्या फटक्यात सुटली, त्याचं श्रेय त्यांनाच. उड्डाणाचं मात्र रडगाणं होतं. कमर्शियल लायसन्सला डीजीसीएच्या, म्हणजे सरकारी विमान वाहतूक नियामकाच्या, नियमाने उड्डाणाचे २०० तास लागतात. पावसाळ्यात ढग खाली आले की सेसना, म्हणजे शिकायचं छोटं विमान, जमिनीवरच, आणि उघडीप मिळाली की विमान सुट्या भागासाठी अडकलेलं. पोरं हॉस्टेलवर बसून, मेसचं बिल चालू, कर्जाचं व्याज चालू. फीचे हप्ते मात्र तारखेला बांधलेले. किती तास उडाले याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. माझा पहिला आक्षेप हाच.

दुसरा आक्षेप मोठा आहे. जाहिरातीत नोकरीचं बोलतात, हातात मिळतं ते लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे नुसतं इरादापत्र. त्यात स्पष्ट लिहिलंय की नेमणूक कंपनीच्या त्या वेळच्या गरजेनुसार होईल. गरज नसली तर फी परत नाही आणि थांबायचं किती, तेही नाही. तोवर इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (बाहेरचं दिसत नसताना उपकरणांवर उडवण्याची परवानगी) वर्षाची मुदत संपते, तीही आपल्याच पैशाने नवी करायची. एअरबस ३२० चं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान चालवायची परवानगी, वेगळं. ते त्याच जातीच्या विमानाला चालतं. उद्या एटीआर ही पंख्याची छोटी विमानं चालवणाऱ्या कंपनीने बोलावलं तर पुन्हा खर्च. वर बाँड, म्हणजे ठरलेली वर्षं नोकरी न सोडण्याचा करार, आहेच. म्हणजे मुलीने सोडलं तर दंड, कंपनीने नाही घेतलं तर काही नाही.

आमचं कर्ज व्याज धरून ८० लाखांवर गेलं. ११ टक्के दर, १२ वर्षांची मुदत, म्हणजे हप्ता महिन्याला लाखाच्या आसपास. घर तारण आहे. मोरेटोरियम, म्हणजे सुरुवातीची हप्ते न भरण्याची सवलत, संपला की बँक विचारत नाही, पोरगी उडतेय की घरी बसलीय. सुरुवातीच्या पगारातला मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असतो. विमानं जमिनीवर राहिली तर पगार उतरतो, हप्ता उतरत नाही.

हे मी उगाच भीती घालायला लिहीत नाही. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. गो फर्स्टने २ मे २०२३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून उड्डाणं बंद. कंपनीने दोष प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांना दिला. अनुभवी कॅप्टनला दुसरीकडे जागा मिळते. दोन-तीनशे तासांच्या पोराला कोण विचारतं? आणि कंपनी डळमळतेय हे दिसलं तरी चटकन निघता येत नाही, कारण २०१७ च्या नियमाने फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस आहे.

लेक म्हणते, "आई, नोकरी लागली ना, आता कशाला लिहितेस?" तिच्या बॅचमधली काही मुलं अजून बोलावण्याची वाट बघतायत, म्हणून लिहितेय. त्यांच्याही आईवडिलांनी सह्या केल्यात.

कुणी विचारलं तर मी एवढं सांगते. टोकन रक्कम भरायच्या आधी क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाची वैद्यकीय तपासणी, करून घ्या. डोळ्यांत किंवा कानांत काही निघालं तर तिथेच कळू दे. हप्ते तासांशी जोडून मागा. नेमणूक लांबली तर रेटिंगचा खर्च कोण करणार, ते लेखी घ्या. बाँडची रक्कम दरवर्षी कमी होते का, विचारा. मेडिकल गेलं तर लायसन्स गमावल्याचा विमा मिळतो, त्याची चौकशी करा आणि कर्जाइतकं कव्हर घ्या. लेखी द्यायला नाही म्हणाले, तर लेटर ऑफ इंटेंटला नोकरी समजून घर गहाण ठेवू नका.

शिक्षणाला पाचपैकी चार. कराराला एक, तोही फीची पावती वेळेवर देतात म्हणून.