खोडदचं फुकटचं तिकीट

परवा एका आईचा फोन आला. मुलगा आठ वर्षांचा, नुकताच शाळेतून काढून घेतलाय, घरीच शिकवतात. म्हणाली, "अहो, एका ठिकाणी डेमोला बोलावलंय. पाच ते चौदा वयाची मुलं एकत्र, मातीकाम, दुर्बीण, संस्कृत, सगळं आहे. तुमची मुलं जायची ना तिथे?" पत्ता वेगळा होता, नाव वेगळं होतं, पण वर्णन थेट आम्हाला फसवलेल्या क्लासचंच. ऐकून माझ्या पोटात गोळा आला. म्हणून हे लिहायला बसले.

आमची थोरली तेव्हा दहा पूर्ण होती, धाकटा सात. दोघंही घरी शिकतात. घरशाळा करणाऱ्यांना एक दुखणं असतं आणि ते गणिताचं नसतं. मुलांना चार मुलं हवी असतात. सोसायटीतली पोरं साडेपाचला शाळेच्या बसमधून उतरतात आणि सहाला क्लासला पळतात, मग आपलं लेकरू पार्किंगमध्ये एकटंच चेंडू भिंतीवर आपटत बसतं. हे ज्याला नेमकं कळलं, त्याला आमच्याकडून पैसे काढणं अवघड नव्हतं.

डेमो एप्रिल महिन्यात, पुण्यातल्या एका जुन्या बंगल्यात. अंगणात शाडूची माती, ओसरीवर दुर्बीण, आणि बारा-तेरा मुलं. एक मोठा मुलगा पाच वर्षांच्या चिमुरडीला मातीची पणती वळायला शिकवत होता. ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. चालवणाऱ्या बाईंना सगळे 'ताई' म्हणत, त्यांच्या नवऱ्याला 'सर'. ताई म्हणाल्या, "आपल्याकडे इयत्ता नाही, मोठी मुलंच लहानांना शिकवतात. आणि फक्त बारा जागा." जाताना गाडीत धाकटा म्हणाला, "आई, त्या दादाच्या शाळेला आज सुट्टी होती." मी लक्षच दिलं नाही. शनिवार होता तो, दुसरा. डेमोतली निम्मी मुलं ताईंच्या नात्यातली आणि शेजारची होती, हे नंतर कळलं. त्यांतलं एकही पुढे वर्गात दिसलं नाही.

फी वर्षाची एकरकमी: थोरलीचे ४८,०००, भावंडाची सवलत म्हणून धाकट्याचे ३६,०००, वर साहित्याचे दोघांचे मिळून ६,०००. त्यांतले ४०,००० रोख मागितले, "तेवढाच जीएसटी वाचतो तुमचा." बाकीचे यूपीआयने, पण क्लासच्या नावावर नाही, सरांच्या खासगी नंबरवर. पावती मिळाली ती फक्त यूपीआयच्या रकमेची, आणि तिच्यावर 'फी' हा शब्दच नव्हता. 'वार्षिक सभासद वर्गणी, परत मिळणार नाही' असा शिक्का होता. एरवी मी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करते. त्या दिवशी सही करून मोकळी झाले.

भिंतीवर फ्रेममध्ये एक प्रमाणपत्र होतं. अशोकस्तंभ, भारत सरकार, मंत्रालयाचं नाव. सर बोट दाखवून "सरकारमान्य" म्हणायचे. ते उद्यम नोंदणीचं होतं. ही नोंदणी कोणताही छोटा व्यावसायिक आधार आणि पॅनच्या जोरावर स्वतःच ऑनलाइन करतो, पैसेही पडत नाहीत. आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्याकडेही ते आहे, आणि तो कधी मिरवत नाही. शिकवण्याच्या दर्जाशी त्या कागदाचा काही संबंध नसतो.

जून-जुलै बरे गेले. ऑगस्टपासून विज्ञानाचे सर दिसेनासे झाले, मग संस्कृतच्या बाई. 'बारा जागा' तेवीस झाल्या. सगळ्या वयांची मुलं एकत्र शिकणं खरंच छान असतं, पण त्यासाठी मोठ्या मुलांनाही त्यांच्या वयाचं काही द्यावं लागतं, आणि लहानांजवळ कुणीतरी जाणतं माणूस असावं लागतं. इथे झालं काय, तर जाणत्या माणसाचा पगार वाचवून ते काम मोठ्या मुलांवर टाकलं. थोरली एकदा घरी येऊन दप्तर आपटून म्हणाली, "मी तिथे शिकायला जाते की शेंबूड पुसायला?" तीन लहानग्यांचे हात धुणं, डबे उघडून देणं आणि शू-शीला नेणं हे तिचं काम ठरलं होतं. त्याच आठवड्यात ताईंचा मेसेज आला की तिची 'मेंटॉर' म्हणून निवड झाली आहे, अभिनंदन, मेंटॉर मॉड्यूलचे ३,००० भरावेत. ते मात्र मी भरले नाहीत. तेवढी अक्कल शिल्लक होती.

डोळे उघडले ते फेब्रुवारीत, खोडदला. नारायणगावजवळच्या या गावात जीएमआरटी आहे, अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी मोठी दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. ताईंनी २८ फेब्रुवारीची सहल ठरवली, मुलामागे १,८०० रुपये, 'स्पेशल सायंटिस्ट अॅक्सेस'चे. प्रवास ज्याचा त्याने करायचा. आम्ही दोघांचे ३,६०० भरले आणि नाशिक रस्त्याने गाडी काढली. पोचलो तर ही गर्दी! आसपासच्या गावांतल्या शाळांची पोरं आपापले प्रयोग घेऊन आलेली, कुणी पवनचक्की, कुणी ठिबक सिंचनाचं मॉडेल. मी स्वयंसेवक मुलाला विचारलं, "स्पेशल एंट्री कुठून?" तो हसला. "काकू, आज विज्ञान दिन. सगळ्यांनाच उघडं आहे. तिकीट नाही काही." माझ्या हातात ताईंनी दिलेला गळ्यात अडकवायचा पिवळा पास होता. त्या मुलाने तो उलटसुलट बघून परत दिला.

घरी येऊन सगळं पुन्हा तपासायला घेतलं, आणि सगळ्यात वाईट तेव्हा निघालं. थोरलीला महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा द्यायची होती. ताई म्हणाल्या होत्या, "फॉर्मचं आम्ही बघतो," आणि ५,००० घेतले होते. अर्ज भरल्याचा म्हणून एक स्क्रीनशॉट पाठवला होता. मी संपर्क केंद्र असलेल्या शाळेत गेले. कारकुनांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, यादीवर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. नाव नव्हतं. म्हणाले, "मॅडम, ऑनलाइन अर्ज पालकच करतात आणि कागद इथे आणून देतात. मध्ये कुणी लागत नाही." पोरीचं ते वर्ष गेलं. पैशांपेक्षा हे जास्त लागलं.

मार्चअखेर बंगल्याला कुलूप. 'जागेच्या अडचणीमुळे काही दिवस ऑनलाइन.' सात वर्षांच्या मुलाने मातीकाम झूमवर करायचं! मी फोन करून पैसे परत मागितले. ताई अजिबात चिडल्या नाहीत. गोड आवाजात म्हणाल्या, "तक्रार करायची तर जरूर करा. पण मुलं शाळेत का नाहीत, हे आधी तुम्हालाच विचारतील हं. आरटीई आहे, शिक्षण हक्काचा कायदा. मला तुमचीच काळजी वाटते."

तीन आठवडे मी गप्प बसले. खरी फसवणूक मला हीच वाटते. बाकी दहा-बारा घरंही याच भीतीने गप्प होती, हे पुढे बोलण्यातून कळलं. शेवटी वकील असलेल्या मामेभावाने २००९चा तो कायदा माझ्यापुढे ठेवला. कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, ते खरं. आणि घरशाळेला त्यात स्पष्ट जागा नाही, हेही खरं. पण पालकाला शिक्षा किंवा दंड सांगणारं कलम त्या कायद्यात नाही. आणि मी पैसे देऊन सेवा घेतली, ती मिळाली नाही, एवढ्यापुरती मी ग्राहक आहे. माझं मूल कुठे शिकतं याचा त्याच्याशी काय संबंध? त्यातून ही शाळा नव्हे, क्लास. शाळा-कॉलेजं ग्राहक कायद्यात येत नाहीत असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये म्हटलं, तेव्हाही कोचिंग क्लास वेगळे काढले होते.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. सरांकडून २२,००० आले, 'सद्भावना म्हणून'. नोटीस पाठवली, ती 'पत्ता सोडून गेले' असा शेरा घेऊन परत आली. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि वकील नसला तरी चालतो. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जावं लागतं. रोख दिलेल्या ४०,००० चा माझ्याकडे कागद नाही. एक व्हॉट्सअॅप मेसेज आहे, ज्यात ताईंनी 'मिळाले' असं लिहून हात जोडल्याचं चित्र टाकलंय. मामेभाऊ म्हणतो, ते जपून ठेव.

त्या फोनवरच्या आईला मी म्हटलं, डेमोला जा, पण मोठ्यांशी कमी बोल. तिथल्या मुलांना विचार, तुम्ही इथे कधीपासून येता, सोमवारी काय केलंत. जुन्या पालकांचे नंबर माग आणि डेमोच्या दिवशी नाही, एरवीच्या मंगळवारी न सांगता जाऊन बघ. वर्षाची रक्कम मागितली तर महिन्याची देते म्हण आणि तोंडाकडे बघ. ती जरा थांबून म्हणाली, "पण अहो, तो फार एकटा पडलाय हो." मी म्हटलं, माझ्याकडे घेऊन ये. रविवारी आला होता. आमच्या गच्चीत त्या क्लासने साहित्य म्हणून दिलेली शाडूची पिशवी अजून पडून होती, दगड झालेली. तिघांनी ती हातोडीने फोडून पाण्यात भिजत घातली.