आधी शेरलॉक होम्स वाचावा की ‘मूनस्टोन’?

“व्हिक्टोरियन डिटेक्टिव्ह गोष्टी वाचायच्यात, सुरुवात कुठून करू?” असं कुणी विचारलं की पूर्वी मी डोळे झाकून शेरलॉक होम्स सांगायचो. हल्ली आधी उलटा प्रश्न विचारतो: वाचायला वेळ कधी मिळतो? लोकलमध्ये, की रविवारी जेवून आडवं पडल्यावर? निवड खरं तर दोन पुस्तकांत आहे. एक, विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ ही १८६८ सालची जाडजूड कादंबरी. दुसरं, आर्थर कॉनन डॉइलच्या बारा कथांचा १८९२चा संग्रह, ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स’. राणी तीच, स्कॉटलंड यार्डही तेच. तरी एक आवडलं म्हणून दुसरं आवडेलच, याची हमी मी देणार नाही.

दोन्ही आधी नियतकालिकांत छापून आली. ‘मूनस्टोन’ डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात जानेवारी ते ऑगस्ट १८६८ क्रमशः चालली. दर आठवड्याला वाचकाला टांगून ठेवायचं, हे तिच्या हाडामासातच आहे. डॉइलने ‘स्ट्रँड’ मासिकासाठी जुलै १८९१पासून वेगळी शक्कल लढवली. क्रमशः कादंबरीचा एक अंक चुकला की वाचक गळतो, हे त्याने हेरलं होतं. म्हणून नायक तोच, पण गोष्ट त्या त्या अंकात संपलेली. त्याच्या लंडनच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंट फिरकत नव्हते, त्यामुळे लिहायला सवड भरपूर! ठाण्याहून धीम्या लोकलने सीएसएमटीला पोचेपर्यंत एक होम्सकथा आरामात संपते. ‘मूनस्टोन’ला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात, आणि मध्ये चार दिवस खंड पडला तर कोण कधी कुठल्या खोलीत होतं हेच आठवत नाही.

तपासाची चवही वेगळी. ‘द ब्लू कार्बंकल’ या नाताळातल्या कथेत होम्सच्या हातात रस्त्यावर सापडलेली एक जुनी टोपी आहे. तेवढ्यावरून तो सांगतो की टोपीवाल्याचे दिवस फिरलेत, बायकोचं त्याच्यावर प्रेम उरलेलं नाही आणि घरात गॅसचे दिवे नसावेत. गॅसचं कसं कळलं? टोपीवर मेणबत्तीच्या चरबीचे पाच डाग आहेत. एखादा डाग चुकून पडतो. पाच पडले, म्हणजे हा गृहस्थ रात्री एका हातात टोपी आणि दुसऱ्या हातात ओघळणारी मेणबत्ती घेऊन जिना चढत असणार. आणि बायकोचं? टोपीवरची धूळ कित्येक आठवड्यांत कुणी झटकलेली नाही. टोपी मोठी, म्हणजे डोकं मोठं, म्हणजे माणूस हुशार, असंही होम्स त्याच दमात ठोकून देतो. ते आज कुणी ऐकून घेणार नाही. पण तोवर आपण त्या पाच डागांवर इतके खूश असतो की तेही चालवून घेतो. दोन पानांचा मामला, आणि माझ्या मते सगळ्या होम्सची गंमत त्यात आहे.

‘मूनस्टोन’मध्ये असाच एक डाग आहे, पण त्याच्यावर पुस्तकातली कितीतरी पानं चालतात. रेचल व्हेरिंडरच्या अठराव्या वाढदिवसाच्या रात्री तिच्या बैठकीच्या खोलीतून ‘मूनस्टोन’ नावाचा हिरा नाहीसा होतो. दाराला नुकताच रंग दिलेला, आणि कुलपाखाली तो जरासा पुसला गेलेला. स्थानिक पोलीस अधिकारी मोलकरणींवर खेकसतो: तुमच्याच घागऱ्यांनी पुसलाय. मग लंडनहून सार्जंट कफ येतो. वाळकुडा, म्हातारा, गुलाबांचं वेड असलेला. बागेतली पायवाट हिरवळीची असावी की खडीची, यावर माळ्याशी भांडणारा. या जगात क्षुल्लक म्हणावी अशी गोष्ट मला अजून भेटलेली नाही, असं तो म्हणतो आणि एवढंच विचारतो की रंग वाळायला किती वेळ लागतो. बारा तास. दाराचा तो भाग बुधवारी दुपारी तीनला रंगवून झाला, म्हणजे पहाटे तीनला वाळला. पोलीस आले गुरुवारी अकराला, तेव्हा रंग वाळून आठ तास झालेले होते. मोलकरणी सुटल्या! आता घरातल्या कुणाच्या तरी कपड्याला रंग लागलेला असणार, म्हणून कफ धुण्याची वही मागतो. इथून पुढे त्या खानदानी घरातलं वातावरण असं बिघडत जातं की हिऱ्यापेक्षा माणसांचीच काळजी वाटू लागते.

हे कॉलिन्सने हवेतून काढलेलं नाही. १८६० साली रोड हिल हाउस इथे एका लहान मुलाचा खून झाला, तेव्हा स्कॉटलंड यार्डच्या जोनाथन व्हिचरने घरातल्याच मुलीवर, कॉन्स्टन्स केंटवर, संशय घेतला. त्यातही एक हरवलेला नाइटगाऊन होता. सभ्य घरातल्या मुलीच्या कपड्यांत पोलीस नाक खुपसतो म्हणजे काय, असा गहजब झाला आणि व्हिचरची नाचक्की झाली. १८६५मध्ये तिने स्वतःच कबुली दिली. डिटेक्टिव्ह घरात येणं म्हणजे आधी बेअब्रू, ही त्या काळची धास्ती ‘मूनस्टोन’मध्ये जिवंत आहे. होम्सपर्यंत येता येता ती बरीच विरते. त्याच्याकडे लोक आपणहून बेकर स्ट्रीटचा जिना चढून येतात.

तरीही ही पुस्तकं सव्वाशे-दीडशे वर्षं टिकली ती कोड्यांवर, असं मला वाटत नाही. कोडं एकदा सुटलं की संपलं, आणि मी दोन्ही पुस्तकं कितीदा तरी वाचलीत. टिकले ते गोष्ट सांगणारे. होम्सकडे वॉटसन आहे, आपल्याइतकाच हुशार आणि आपल्याइतकाच चकणारा. ‘मूनस्टोन’मध्ये साक्षीदार एकामागून एक आपापली कैफियत देतात. म्हातारा कारभारी बेटरेज अडचणीत आला की ‘रॉबिन्सन क्रूसो’ उघडतो. आपल्याकडे कोकणात देवाला कौल लावतात, तसा तो क्रूसोला कौल लावतो. मिस क्लॅक दिसेल त्या घरात धर्मपत्रिका पेरत सुटते आणि स्वतःला संत समजते. एकाच प्रसंगाबद्दल दोघांची मतं इतकी उलटी, की खरं कोण बोलतंय ते आपणच ठरवायचं. होम्स वाचताना आपण प्रेक्षक असतो, इथे पंच.

दोन्हींत आपला देश येतो, तेही बघायला हवं. होम्सच्या पहिल्या कादंबरीत वॉटसन फौजेत रुजू व्हायला मुंबईत उतरतो, पुढे अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत गोळी खातो. नंतर मात्र हिंदुस्थान म्हणजे बहुतेक खजिने, विष आणि विचित्र जनावरं. ‘द स्पेकल्ड बँड’मध्ये कलकत्त्याहून परतलेल्या डॉक्टरने हिंदुस्थानी प्राणी म्हणून चित्ता आणि बबून पाळलेत. चित्ता ठीक, तेव्हा इथे होता. पण बबून आपल्याकडच्या कुठल्या जंगलात असतो, हे डॉइललाच ठाऊक. ‘द साइन ऑफ फोर’मधलं अंदमानी माणसाचं चित्रण तर आज वाचवत नाही. कॉलिन्सचा हिरा १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने खून पाडून लांबवलेला असतो. म्हणजे पहिला चोर साहेबच! मागावर आलेले तीन ब्राह्मण दिसतात गूढच, पण समुद्र ओलांडून त्यांनी स्वतःची जात गमावली आहे, हे कॉलिन्स आवर्जून सांगतो. विलायतेहून परतल्यावर घ्याव्या लागणाऱ्या प्रायश्चित्तांचे वाद ज्यांनी आपल्याकडे वाचलेत, त्यांना ही किंमत वेगळी समजावून द्यायला नको. १८५७ला जेमतेम अकरा वर्षं झालेली असताना लंडनच्या साप्ताहिकात हे छापून यावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

दोष दोन्हींत आहेत. ‘मूनस्टोन’ मध्यावर रेंगाळते आणि तिची उकल पटवून घ्यायला जरा मन मोठं करावं लागतं. होम्सच्या बारा कथा सलग वाचल्या तर साचा दिसायला लागतो: पाहुणा, चमत्कार, टांगा, उलगडा. आठवड्याला दोन, यापेक्षा जास्त नको.

माझं मत विचाराल तर ज्याने होम्स टीव्हीवरही पाहिलेला नाही, त्याने बारा कथांपासून सुरुवात करावी, तीही टोपीच्या कथेपासून. इंग्रजी जड जात असेल तर भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणलेला आहे. ज्याच्या डोक्यात मालिका-सिनेमांमुळे होम्स आधीच मुरलाय, त्याने सरळ ‘मूनस्टोन’ उचलावी. वाचायला पावसाळा उत्तम. बेटरेजच्या पाल्हाळाने वैताग आला तर मिस क्लॅक येईपर्यंत कळ काढा. ती आल्यावरही हसू आलं नाही, तर खुशाल पुस्तक ठेवून द्या. ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ने सुरुवात करू का, असंही लोक विचारतात. करा की, पण ती १९०१च्या ऑगस्टपासून छापून आली आणि राणी जानेवारीतच गेली होती, म्हणजे काटेकोर धरलं तर ती व्हिक्टोरियन नव्हेच.

दोन्ही पुस्तकांचे हक्क केव्हाच संपलेत, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात. छापील प्रत घेतलीत तर प्रस्तावना शेवटी वाचा. माझ्या ‘मूनस्टोन’च्या प्रतीत एका विद्वान प्राध्यापकांनी तिसऱ्याच पानावर चोराचं नाव लिहून टाकलं होतं.