तवा कोणता घ्यावा: बिडाचा, पत्र्याचा, स्टीलचा की नॉनस्टिक?

भाकरी, पोळी, घावन आणि थालीपीठ ही चारही कामे एकाच तव्यावर सारखीच उत्तम व्हावीत अशी अपेक्षा ठेवून खरेदीला गेले तर निराशाच पदरी पडते. तव्याचे गुण नुसत्या धातूच्या नावावरून कळत नाहीत; अणू एकमेकांशी कोणत्या बंधाने बांधलेले आहेत आणि त्यांची मांडणी कशी आहे, यावर ते अवलंबून असतात. बीड (म्हणजे ओतीव लोखंड), पत्रा आणि स्टेनलेस स्टील हे तिन्ही मुळात लोखंडच, तरीही आचेवर तिघांचे वागणे वेगळे असते.

आधी उष्णतेचे पाहू. धातूंत अणूंचे बाहेरचे इलेक्ट्रॉन एकाच अणूला बांधलेले नसतात. ते साऱ्या स्फटिकात मोकळे फिरतात आणि उष्णता मुख्यतः तेच वाहून नेतात. शुद्ध ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता सुमारे २३५ वॉट प्रति मीटर केल्विन आहे, बिडाची ५० च्या आसपास, तर १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या ३०४ प्रतीच्या स्टीलची अवघी १६. स्टीलमध्ये परक्या अणूंची इतकी सरमिसळ असते की इलेक्ट्रॉनांना पावलोपावली अडथळा होतो. म्हणूनच नुसत्या पातळ स्टीलच्या तव्यावर बर्नरच्या आकाराचे करपलेले कडे उमटते आणि कडेची पोळी मात्र कच्ची राहते. असा एकपदरी स्टीलचा तवा पोळीसाठी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बीड उष्णता हळू पसरवते, पण धरून ठेवते. एक घन सेंटिमीटर बिडाचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ३.३ ज्यूल लागतात, ॲल्युमिनियमला २.४, त्यात बिडाचा तवा जाडही असतो. घावनाचे पातळ पीठ ओतताच तव्याचे तापमान उतरू लागते, आणि जाळी पडायची तर पिठातल्या पाण्याची वाफ त्याच क्षणी व्हायला हवी. साठवलेली उष्णता तिथे कामी येते. कोकणात आंबोळी आणि घावनांसाठी बिडाचाच तवा लागतो तो यामुळे. मात्र तो मंद आचेवर पुरेसा वेळ तापू द्यावा लागतो, आणि ज्यांना सकाळी घाईत चारच पोळ्या करायच्या आहेत त्यांच्यासाठी पत्र्याचा लोखंडी तवा अधिक सोयीचा.

पत्रा आणि बीड यांतला खरा फरक कार्बनचा आहे. बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो आणि ओतीव थंड होताना त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात वेगळा होतो. ग्राफाइटच्या एका थरात कार्बनचे अणू ०.१४२ नॅनोमीटर अंतरावर मजबूत सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेणाऱ्या, बंधांनी जोडलेले असतात. दोन थरांमधले अंतर मात्र ०.३३५ नॅनोमीटर असते आणि त्यांच्यातली ओढ क्षीण असते. तवा ताणला गेला किंवा त्यावर आघात झाला की ताण या पापुद्र्यांच्या टोकदार कडांशी एकवटतो आणि तिथून तडा जातो. त्यामुळे बिडाचा तवा फरशीवर पडू देऊ नये आणि तापलेला असताना त्यावर गार पाणी ओतू नये. पत्र्यात कार्बन फारच थोडा असतो. ठोकले की अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, पण मोकळे इलेक्ट्रॉन त्यांना बांधूनच ठेवतात. म्हणून पत्रा वाकतो, पोचा येतो, पण फुटत नाही.

आता चिकटण्याचा प्रश्न. नव्या बिडाच्या तव्यावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून तो धूर येईपर्यंत तापवतात, आणि हे पुन्हा पुन्हा करतात. या तापात तेलातल्या असंतृप्त मेदाम्लांचे दुहेरी बंध हवेतल्या ऑक्सिजनशी अभिक्रिया करतात, साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि काळसर, कठीण बहुवारिक (पॉलिमरचा) थर तयार होतो. जवस किंवा पारंपरिक करडईच्या तेलात असे दुहेरी बंध भरपूर असल्याने थर लवकर धरतो. तेल जास्त लावले तर पृष्ठभाग चिकट राहतो. ही चूक सर्रास होते. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवण्याची रीत मला म्हणूनच फार पटते, कारण त्याने तेल पातळ आणि सारखे पसरते. चिंच लावून घासल्यास किंवा टोमॅटोची आमटी शिजवल्यास आम्ल खालच्या लोखंडापर्यंत पोहोचते आणि थर सुटू लागतो.

नॉनस्टिकचा टेफ्लॉन १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत काम करताना अनपेक्षितपणे सापडला. त्यात कार्बनच्या लांब साखळीभोवती फ्लोरीनच्या अणूंचे दाट आवरण असते. कार्बन-फ्लोरीन बंध अत्यंत मजबूत असतो आणि फ्लोरीन आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवते, त्यामुळे पिठाला किंवा अंड्याला चिकटायला काही मिळतच नाही. पण त्याच कारणाने शेजारच्या साखळ्याही एकमेकींना घट्ट धरत नाहीत, म्हणून धातूच्या उलथन्याने थर ओरखडला जातो. वापराची मर्यादा सुमारे २६० अंश सेल्सिअस. त्याच्या बऱ्याच वर गेल्यास थराचे विघटन होऊन घातक वायू निघतात. भाकरीचा तवा रिकामा आणि कडक तापवावा लागतो, तेव्हा नॉनस्टिक भाकरीसाठी नकोच. मंद आचेवरचे धिरडे, ऑम्लेट यांसाठी तो ठीक आहे.

आंबट पदार्थांसाठी स्टील घ्यावे. त्यातले क्रोमियम पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा घट्ट ऑक्साइड थर धरते आणि ओरखडा पडला तरी तो हवेत पुन्हा तयार होतो. लोखंडाचा गंज उलट सच्छिद्र असतो. तो खालच्या धातूला वाचवत नाही. ॲल्युमिनियमच्या, म्हणजे जर्मनच्या भांड्यावरही ऑक्साइडचे कवच असते, पण ते आम्लातही विरघळते आणि अल्कातही. कढी किंवा सोलकढी त्यात ठेवू नये.

घरात इंडक्शनची शेगडी असेल तर निवड आणखी आवळते, कारण तिच्यावर चुंबकाला धरणारी भांडीच नीट तापतात. बीड आणि पत्रा चुंबकाला धरतात, ॲल्युमिनियम धरत नाही, आणि ३०४ स्टीलही सहसा धरत नाही, कारण निकेलमुळे त्यातल्या अणूंची मांडणी साध्या लोखंडापेक्षा वेगळी होते. ट्रायप्लाय, म्हणजे तीन पदरी, भांड्यात म्हणूनच आत ३०४, मध्ये ॲल्युमिनियम आणि बाहेर चुंबकीय ४३० स्टील असते; पोळीसाठी स्टीलच हवे असेल तर हाच प्रकार घ्यावा. दुकानात जाताना छोटा चुंबक बरोबर न्यावा आणि तो तळाला लावून पाहावा.